रणजीत ढीगभर, देशाकडून मोजकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रणजीचा, म्हणजे देशांतर्गत संघांच्या स्पर्धेचा, मोसम सुरू झाला की तेच प्रश्न पुन्हा येतात. अमक्याला का घेतलं नाही, तमक्याला दोनच कसोटी का मिळाल्या, आणि मिळाल्या तेव्हा त्याने काय दिवे लावले. उत्तरं बहुतेक मुंबई-महाराष्ट्राच्या खेळाडूंच्या अंगाने दिली आहेत, कारण हा इतिहास आपल्याकडे जरा जास्तच दाट आहे. जिथे गरज पडली तिथे बाहेरचीही उदाहरणं घेतली आहेत.

रणजीत ढीगभर करूनही देशाकडून मोजकं खेळलेल्यांच्या यादीत नेमकं कोण बसतं?

ढोबळमानाने तीन प्रकारचे लोक. पहिले, ज्यांना देशाची टोपी मिळालीच नाही: पद्माकर शिवलकर, राजिंदर गोयल, भाऊसाहेब निंबाळकर, अमोल मुझुमदार, महाराष्ट्राचे सलामीवीर सुरेंद्र भावे. दुसरे, ज्यांना एक-दोन-तीन कसोटींत गुंडाळलं: हेमंत आणि हृषीकेश कानिटकर, साईराज बहुतुले, निलेश कुलकर्णी, पारस म्हांब्रे, लालचंद राजपूत, कोकणातले रामनाथ परकार आणि गुलाम परकार. तिसरे, ज्यांना भरपूर संधी मिळूनही देशांतर्गत कामगिरीची सर तिथे आली नाही. हा तिसरा प्रकार खरं तर वेगळा विषय आहे. तरी लोक तिघांना एकाच पोत्यात भरतात आणि मग चर्चेचा विचका होतो.

शिवलकर आणि गोयल बेदींमुळे राहिले, हे खरं का?

बरंचसं खरं, पण पूर्ण नाही.

आधी आकडे. गोयल यांचे रणजीतले बळी ६३७, आणि हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. प्रथम श्रेणीत (रणजीसकट सगळे मोठे, तीन वा अधिक दिवसांचे सामने) एकूण ७५०. शिवलकरांचे प्रथम श्रेणीतले बळी ५८९, सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा) २० च्या आत. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि भारताकडे त्या काळात त्याच जातीचा बिशनसिंग बेदी होता: ६७ कसोटी, २६६ बळी. सोबत फिरकीलाच प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन. चौघांतूनच तीन निवडायचे तर कप्तानाच्या डोक्याला ताप व्हायचा, तिथे दुसरा डावखुरा कोण आणि कशाला घेणार?

पण लोक विसरतात ती गोष्ट अशी, की शिवलकरांच्या पुढची रांग बेदींपासून सुरू होत नाही. त्यांच्या उमेदीच्या वर्षांत मुंबईच्याच संघात बापू नाडकर्णी होते आणि देशाच्या संघात नाडकर्णींसोबत सलीम दुराणी, दोघेही डावखुरे फिरकी. ते मागे पडेपर्यंत बेदी आले होते. बेदी १९७९ मध्ये थांबले तेव्हा त्याच जातीच्या दिलीप दोशींना घेतलं गेलं, तेही वयाच्या ३१ व्या वर्षी. शिवलकर तोवर चाळिशीला टेकले होते. म्हणजे दार दोन्ही टोकांना बंद.

बेदी नसतानाही गोयल यांना खेळवलं नाही, ही काय गोष्ट आहे?

नोव्हेंबर १९७४, बंगलोर, वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी. बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळलं होतं. गोयल यांना संघात बोलावून घेतलं. डावखुरा फिरकी गोलंदाज नाही, जागा रिकामी आहे, माणूस ड्रेसिंग रूममध्ये हजर आहे. आणि अंतिम अकरात प्रसन्ना, वेंकट आणि चंद्रा. गोयल बाहेर. पुढच्या दिल्ली कसोटीला बेदी परत आले आणि विषय मिटला.

म्हणून "बेदी होते म्हणून" हे गोयल यांच्या बाबतीत पुरेसं उत्तर नाही. एक कसोटी तरी अशी होती जिथे बेदी नव्हते. तिथे त्यांना न खेळवणं हा सरळ सरळ निवडीचा निर्णय होता, आणि माझ्या मते चुकीचा. तीन ऑफस्पिन-लेगस्पिनवाल्यांच्या जोडीला चेंडू बाहेर नेणारा एक डावखुरा असता तर गोलंदाजीत विविधता तरी आली असती. नियती वगैरे शब्द वापरून निवड समितीला सोडून देण्याची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

शिवलकरांचा एखादा सामना सांगा ना, ज्यावरून त्यांची ताकद कळेल.

१९७२-७३ चा रणजी अंतिम सामना, मद्रास, चेपॉक. तामिळनाडूकडे वेंकटराघवन. खेळपट्टी फिरकीला धार्जिणी केलेली, म्हणजे मुंबईला त्यातच अडकवायचं. मुंबई पहिल्या डावात १५१. बेत बरोबर चाललाय असं चेपॉकवर वाटलं असेल. मग शिवलकर आले आणि १६ धावांत ८ बळी. तामिळनाडू ८०. मुंबईचा दुसरा डाव ११३, त्यावर तामिळनाडू ६१. शिवलकर १८ धावांत ५, दुसऱ्या बाजूने एकनाथ सोलकर ५. मुंबई १२३ धावांनी जिंकली. चारही डावांत मिळून ४०५ धावा आणि जेमतेम दोन दिवसांचा खेळ. मुंबईचं ते सलग पंधरावं रणजी विजेतेपद होतं.

पॅडी, म्हणजे शिवलकर (सगळं शिवाजी पार्क त्यांना याच नावाने ओळखायचं), निवृत्त होऊन बसले होते, तरी १९८७-८८ मध्ये मुंबईला गरज पडली तेव्हा सत्तेचाळिशीत पुन्हा रणजी खेळले. मार्च २०२५ मध्ये ते गेले. गोयल त्याआधी, जून २०२० मध्ये. २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाने दोघांना एकाच वेळी सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला.

मुंबईच्या खेळाडूंना नेहमी झुकतं माप मिळालं असं म्हणतात. मग शिवलकर कसे राहिले?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: शिवलकर ऐन भरात होते तेव्हा मुंबईचे कप्तान कोण? अजित वाडेकर. आणि १९७१ ते १९७४ भारताचे कप्तान कोण? तेच. पॅडीचा चेंडू कुठे पडतो आणि कुठे जातो हे वाडेकरांइतकं फार थोड्या जणांना ठाऊक असेल. तरी त्यांनी बेदींवर भरवसा ठेवला. वशिला चालला असता तर तो इथे चालायला हवा होता.

याचा अर्थ विभागवार राजकारण नव्हतं असा नाही. निवड समितीत पाच विभागांचे पाच प्रतिनिधी, प्रत्येकाच्या खिशात आपल्या भागाची नावं, आणि तू माझा घे मी तुझा घेतो हा व्यवहार. हे सगळं क्रिकेटच्या जगात उघड बोललं जातं. पण पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र असे पाच संघ. त्या पाचांतही मुंबईच्या सावलीत सगळ्यात जास्त कोण झाकोळलं, तर शेजारचा महाराष्ट्र. सुरेंद्र भावे बघा. पुण्याचा सलामीवीर, प्रथम श्रेणीत जवळपास ८ हजार धावा, सरासरी ५८ च्या वर. इतक्या सरासरीचा सलामीवीर आणि देशाकडून एकही सामना नाही. पुढे तेच भावे राष्ट्रीय निवड समितीत बसले! बैठकीत एखाद्या रणजीवाल्याचं नाव निघाल्यावर त्यांच्या मनात काय येत असेल, कोण जाणे.

४४३ वर नाबाद राहिलेले निंबाळकर ब्रॅडमनचा विक्रम मोडू शकले नाहीत, ते का?

डिसेंबर १९४८, पुण्यातलं पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड पहिल्या डावात २३८. उत्तरादाखल महाराष्ट्र ४ बाद ८२६. त्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ नाबाद, आणि कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागी. त्या वेळचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा, ४५२ नाबाद. हवे होते फक्त १० रन. दोन ओव्हरचं काम.

खेळ विश्रांतीसाठी थांबला आणि तिथेच सगळं बिघडलं. काठियावाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जाणार ही नामुष्की त्यांना नको होती. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असा त्यांचा पवित्रा. समजूत घालूनही ऐकेनात. सामना सोडून ते सगळे खरोखरच गेले, आणि निंबाळकर ४४३ वर राहिले. ब्रॅडमनचा विक्रम पुढे हनीफ महंमदने १९५९ मध्ये मोडला.

प्रथम श्रेणीत चारशे पार केलेला भारतीय आजही तो एकच. त्याच मोसमात वेस्ट इंडिजचा संघ भारतात कसोटी खेळत होता, हे लक्षात घ्या. म्हणजे संधी लांब कुठे परदेशात नव्हती, दारात होती. निंबाळकरांना ती त्या वर्षी मिळाली नाही आणि नंतरही कधी मिळाली नाही. ते ९३ व्या वर्षाच्या घरात, २०१२ मध्ये वारले.

अमोल मुझुमदारचं नक्की काय चुकलं?

चुकलं काही नाही. जन्मसाल चुकलं, म्हणा हवं तर.

फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेची उपांत्य फेरी. शारदाश्रमकडून सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागी ६६४. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसलेला. त्याचं नाव अमोल मुझुमदार. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की ती आता दंतकथेसारखी वाटते, पण घडलेली आहे. (त्या दिवशी समोरच्या सेंट झेवियर्सकडून घाम गाळणाऱ्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता. एकाच सामन्यात या पानावरची दोन माणसं, एक पॅड बांधून आणि एक चेंडू टाकून दमलेलं.)

१९९३-९४ मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात, फरीदाबादला हरियाणाविरुद्ध, त्याने २६० केल्या. प्रथम श्रेणीतल्या पदार्पणात तेव्हाचा तो जागतिक विक्रम, पुढे २०१८ पर्यंत टिकला. नवा तेंडुलकर म्हणून गवगवा झाला. भारत अ संघात तो द्रविड-गांगुलींबरोबर खेळला. मग जून १९९६ मध्ये लॉर्ड्सवर त्याच गांगुली-द्रविडने पदार्पण केलं, त्या वर्षाअखेर लक्ष्मण आला, सचिन आधीपासूनच होता. हे चौघे पुढे किती टिकले? गांगुली २००८ पर्यंत, द्रविड आणि लक्ष्मण २०१२ पर्यंत, सचिन २०१३ पर्यंत. अमोलची सगळी कारकीर्द, १९९३ ते २०१४, या चौघांच्या कारकिर्दीखाली झाकली गेली.

शेवटी प्रथम श्रेणीत १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८. २००६-०७ मध्ये त्याच्या कप्तानीत मुंबईने रणजी जिंकली. त्या मोसमातल्या उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात मुंबईची धावसंख्या होती ५ बाद ०. छापखान्याची चूक नाही, शून्यावर पाच. तिथून तो सामना जिंकला आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवलं. असे सामने बघितलेला माणूस रणजीला दुय्यम क्रिकेट म्हणायला धजणार नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. द्रविड-लक्ष्मणच्या ऐवजी अमोल असता तर भारताचं भलं झालं असतं, असं त्याचा कट्टर चाहताही म्हणणार नाही. प्रश्न जागेचा होता. कुणी तरी जायबंदी असताना, झिम्बाब्वे-बांगलादेशाच्या दौऱ्यावर, एखादी कसोटी देता आली असती. ती दिली नाही, एवढीच तक्रार रास्त आहे.

पदार्पणाच्या पहिल्याच चेंडूवर बळी घेऊनही निलेश कुलकर्णीचे एकूण कसोटी बळी दोनच कसे?

ऑगस्ट १९९७, कोलंबो, प्रेमदासा मैदान. भारताने ८ बाद ५३७ वर डाव सोडला. दुसऱ्या दिवसाचा शेवट जवळ आलेला. डोंबिवलीच्या या उंच डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या हातात चेंडू दिला आणि कसोटीतल्या त्याच्या पहिल्याच चेंडूवर मार्वन अटापट्टू यष्टीमागे मोंगियाच्या हातात. कसोटीत पहिल्या चेंडूवर बळी घेणारा तो पहिला भारतीय. श्रीलंका १ बाद ३९.

पुढची विकेट पडली ६१५ वर. मधल्या वेळात तिसरा दिवस संपला, एकही बळी नाही. चौथा दिवस संपला, एकही बळी नाही. जयसूर्या आणि महानामा यांनी ५७६ ची भागी केली, जयसूर्या ३४० वर गेला, श्रीलंकेने ६ बाद ९५२ केल्या. निलेशचं पृथक्करण: ७० षटकं, १२ निर्धाव, १९५ धावा, १ बळी. तोच एक, पहिल्या चेंडूवरचा.

त्या खेळपट्टीवर कुंबळेही हतबल होता, पण कुंबळेच्या पाठीशी जमा केलेली पुंजी होती. नवख्याची परीक्षा तिथेच झाली आणि तिथेच निकाल लागला. निलेशला एकूण ३ कसोटी मिळाल्या, बळी २, सरासरी १६६. मुंबईसाठी मात्र तो वर्षानुवर्षं टाकत राहिला आणि प्रथम श्रेणीत ३५७ बळींवर थांबला.

बहुतुलेला तरी पुरेशी संधी मिळाली का?

२ कसोटी आणि ८ एकदिवसीय. प्रथम श्रेणीत मात्र ६३० बळी आणि वर ६ हजारांहून अधिक धावा, ९ शतकांसह. लेगस्पिन टाकणारा आणि शतकं ठोकणारा खेळाडू कुठल्याही देशाला परवडतो. पण लेगस्पिनची जागा अनिल कुंबळेकडे होती, आणि ती ६१९ कसोटी बळी होईपर्यंत त्याच्याकडेच राहिली. २००१ मध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे कुंबळे बाहेर बसला तेव्हा चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध साईराजला टोपी मिळाली. नेमकी तीच कसोटी हरभजनने १५ बळी घेऊन आपल्या नावावर केली. त्यानंतर श्रीलंकेत आणखी एक कसोटी, आणि संपलं.

१९९० मध्ये मरीन ड्राइव्हवरच्या भीषण मोटार अपघातातून तो वाचला होता. पायात सळई घालावी लागली होती. पुन्हा चालेल का अशी शंका असलेला मुलगा पुढे १८८ प्रथम श्रेणी सामने खेळला. त्यामुळे त्याच्या दोन कसोटींची हळहळ करताना मला जरा संकोचच वाटतो.

दोन कसोटींच्या सरासरीवरून एखाद्याला नापास ठरवणं योग्य आहे का?

अजिबात नाही. इतक्या थोड्या सामन्यांत एक सुटलेला झेल सगळं चित्र बदलतो. राजस्थानचा वेगवान गोलंदाज पंकज सिंग घ्या. रणजीत बळींच्या राशी, आणि पदार्पण २०१४ मध्ये साउदम्प्टनला. ॲलिस्टर कुक तेव्हा धावांसाठी चाचपडत होता. १५ वर असताना पंकजच्या चेंडूवर स्लिपमध्ये झेल उडाला आणि जडेजाच्या हातून तो सुटला. कुक ९५ पर्यंत गेला. पंकजचा सामना संपला १७९ धावांत शून्य बळींवर, पदार्पणात एकही बळी न मिळालेल्यांत सर्वांत महाग. पुढच्या मँचेस्टर कसोटीत रूट आणि बटलर मिळाले, मग पुन्हा बोलावणं नाही. तो झेल पकडला असता तर हाच माणूस निदान आणखी दोन-चार कसोटी खेळला असता, असं मला वाटतं.

उलट्या बाजूनेही गंमत आहे. वेस्ट इंडिजचे अँडी गँटोम १९४८ मध्ये एकच कसोटी खेळले, एकच डाव, ११२ धावा. सरासरी ११२, ब्रॅडमनपेक्षा जास्त! ऑस्ट्रेलियाचा स्टुअर्ट लॉ १९९५ मध्ये पर्थला स्टीव्ह वॉ जायबंदी होता म्हणून खेळला, नाबाद ५४ केल्या, वॉ परत आला, लॉ पुन्हा कधीच नाही. प्रथम श्रेणीत त्याच्या २७ हजारांवर धावा आहेत. आणि आपला नागपूरचा फैज फजल: जून २०१६ मध्ये हरारेला झिम्बाब्वेविरुद्ध एकच एकदिवसीय सामना, नाबाद ५५, भारत १० गडी राखून विजयी. बाद झालाच नाही, तरी दुसरा सामना नाही. दीड वर्षाने त्याच फैजने विदर्भाला पहिलीवहिली रणजी जिंकून दिली आणि पुढच्या वर्षी पुन्हा.

मग कुणाचाच दर्जा कमी पडला नाही, असं म्हणायचं का?

तसंही नाही. इंग्लंडचा ग्रॅमी हिक बघा: प्रथम श्रेणीत १३६ शतकं, आणि ६५ कसोटींत सरासरी ३१. पासष्ट कसोटी म्हणजे संधी नाही असं म्हणता येत नाही. काउंटीत मिळणारा मध्यम वेग आणि कसोटीतला अंगावर येणारा चेंडू यांतलं अंतर त्याला फार जाणवलं.

आपल्याकडेही हे अंतर आहे. रणजीत चार दिवस एकाच उंचीने येणारा चेंडू खेळून हात बसतो. ऑस्ट्रेलियात तोच चेंडू छातीपर्यंत येतो. इथे एसजीचा चेंडू, तिथे कुकाबुरा, इंग्लंडमध्ये ड्यूक, प्रत्येकाची शिवण वेगळी, वागणं वेगळं. काही जण हे अंतर दोन दौऱ्यांत पार करतात. काहींना ते कधीच जमत नाही, आणि त्यांच्याबाबत "अन्याय" हा शब्द वापरू नये. अडचण एवढीच, की दोन कसोटींत कोण कुठल्या गटातला हे कळायला मार्ग नसतो.

बापलेक कानिटकर दोघेही दोन-दोन कसोटी खेळले, हे खरं?

खरं. हेमंत कानिटकर बंगलोरच्या त्याच १९७४ च्या कसोटीत पहिल्यांदा खेळले, जिथे गोयल बाहेर बसले होते. समोरच्या संघात रिचर्ड्स आणि ग्रीनिज यांचंही ते पदार्पण. हेमंत यांनी पहिल्या डावात ६५ केल्या. आणखी एक कसोटी, आणि बस्स.

हृषीकेशच्या २ कसोटी १९९९-२००० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातल्या, मेलबर्न आणि सिडनी. पण त्याचं नाव घराघरांत पोचलं ते आधीच, १८ जानेवारी १९९८ ला ढाक्यात. पाकिस्तानच्या ३१४ चा पाठलाग, अंधारून आलेलं, २ चेंडूंत ३ हव्या, समोर सकलेन मुश्ताक. हृषीकेशने चौकार मारला आणि सामना संपवला. या एका फटक्याने त्याचं भलं झालं की नुकसान, असा मला कधी कधी प्रश्न पडतो. लोकांना चौकार आठवतो. त्याच्या प्रथम श्रेणीतल्या १० हजारांवर धावा आणि ३३ शतकं कुणाला आठवत नाहीत. राजस्थानने २०१०-११ आणि २०११-१२ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली, त्या संघाचा कप्तान हा पुणेकर होता.

विनोद कांबळी या यादीत का नाही?

१७ कसोटींत १०८४ धावा, सरासरी ५४.२०, लागोपाठच्या कसोटींत २२४ आणि २२७. ही अपुरी राहिलेली कारकीर्द आहे, पण देशांतर्गत यशाशी न जुळलेली नव्हे. शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचं वय २३ होतं. तो वेगळ्या लेखाचा विषय.

आयपीएलमुळे रणजीवाल्यांचं भलं झालं की वाईट?

पैशाच्या दृष्टीने भलं. निवडीच्या दृष्टीने एक दार उघडलं आणि जुनं दार थोडं लोटलं गेलं. गोव्याचा स्वप्नील अस्नोडकर २००८ च्या पहिल्याच आयपीएलमध्ये राजस्थानकडून ग्रॅम स्मिथच्या जोडीने सलामीला यायचा, ९ सामन्यांत ३११ धावा, संघ विजेता. तरी भारताचं बोलावणं आलं नाही. गोव्यासारख्या छोट्या संघाकडून रणजीत कितीही केलं तरी कोण बघतं, हे जुनं दुखणं आयपीएलनेही पूर्ण बरं केलं नाही.

धवल कुलकर्णी १२ एकदिवसीय आणि २ टी-ट्वेंटी खेळला. २००९ मध्ये न्यूझीलंडला कसोटी संघाबरोबर गेला होता, पण कसोटी कधीच मिळाली नाही. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यातला शेवटचा बळी त्यानेच घेतला आणि मुंबईच्या बेचाळिसाव्या रणजी विजेतेपदासोबत निवृत्त झाला.

हेच लोक नंतर चांगले प्रशिक्षक कसे होतात?

यादी खरंच दणदणीत आहे. चंद्रकांत पंडित, ५ कसोटी. प्रशिक्षक म्हणून मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन संघांना रणजी जिंकून दिली. १९९९ मध्ये मध्य प्रदेशचे कप्तान असताना बंगलोरच्या चिन्नास्वामीवर ते अंतिम सामना हरले होते. २०२२ मध्ये त्याच मैदानावर, त्याच संघाचे प्रशिक्षक म्हणून, मुंबईलाच हरवलं. लालचंद राजपूत, २ कसोटी; २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात धोनीच्या संघाबरोबर व्यवस्थापक. पारस म्हांब्रे, २ कसोटी. २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक. अमोल मुझुमदार, शून्य कसोटी; नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक.

कारण शोधायचं तर मला एक दिसतं. ज्याला पंधरा-वीस वर्षं दर मोसमात आपली जागा नव्याने राखावी लागली, तो बाकावरच्या खेळाडूशी काय बोलायचं हे जाणतो. जन्मजात अव्वल असलेल्याला ते शिकावं लागतं. आणि मुंबईचा खडूसपणा अंगात असला तर सोन्याहून पिवळं. पंडितांची शिस्त किती कडक, हे त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांना विचारा.

फक्त रणजी खेळलेल्यांना पैसे काय मिळतात?

आता बरे मिळतात. २०२१-२२ च्या मोसमापासून ४० हून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, २१ ते ४० सामनेवाल्याला ५० हजार, त्याहून नवख्याला ४० हजार. म्हणजे अनुभवी खेळाडूला चार दिवसांच्या सामन्याचे २ लाख ४० हजार. कसोटीचं मानधन १५ लाख, त्यामुळे टोपी मिळण्या-न मिळण्यातला फरक अजूनही मोठाच.

जुन्यांचं तसं नव्हतं. शिवलकरांच्या काळात पोट चालायचं ते नोकरीवर: टाटा, मफतलाल, निर्लॉन, एसीसी, बँका, रेल्वे. दिवसा हजेरी लावायची, दुपारी नेट, शनिवार-रविवार कंपनीसाठी टाइम्स शील्ड नाहीतर क्लबसाठी कांगा लीग. जून २०२२ मध्ये मंडळाने निवृत्तिवेतन वाढवलं: माजी प्रथम श्रेणी खेळाडूंचं महिना १५ हजारांवरून ३० हजार, २००३ पूर्वी निवृत्त झालेल्या आणि २२,५०० मिळणाऱ्यांचं ४५ हजार, कसोटीपटूंचं ३७,५०० वरून ६० हजार. निवृत्तिवेतनासाठी सामन्यांच्या संख्येची अट असते, त्यामुळे एक-दोन मोसम खेळून बाहेर पडलेल्यांच्या हाती यातलं काहीच येत नाही.